तीन वलयं

शुक्रवारची नमाज झाली की रिफअत, माझे यजमान, कत्तामियामागच्या वाळवंटात दगड झालेलं लाकूड वेचायला जात. मी गाडीच्या सावलीत तस्बीहचे मणी ओढत बसे. तुकडा सापडला की ते त्याला जीभ लावत. ओला झाला की लाकडाच्या शिरा दिसतात.

त्या दिवशीच्या तुकड्यात वलयं निघाली.

"इथल्या लाकडात ती नसतात," ते म्हणाले. "या झाडांना थंडी ठाऊकच नव्हती. मोज बघू, इन्साफ. तुझी बोटं नाहीतरी सदा मोजतच असतात."

सव्वीस भरली.

घरी तुकडा त्यांनी हाज्जांच्या, म्हणजे त्यांच्या आईच्या, खिडकीत ठेवला. ती खोली त्यांना दगडांसाठी हवी होती आणि हाज्जा पलंग सोडायला तयार नव्हत्या.

रोज अस्रच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजनंतर मी मोजायची. पंचवीस. चोवीस.

"अल्लाचं नाव तरी धड मोजतेस ना?" ते हसत.

अठराला हाज्जांचा हात पेल्यापर्यंत पोहोचेना. चौदाला माझं नाव त्यांना आठवेना. सहाला घास गिळवेना. तरी मी मोजत राहिले, कारण नवऱ्याने सांगितलं होतं.

रविवारी तीन होती. सोमवारी माझा रोजा. घेरी आली, मोजणं राहिलं. त्या संध्याकाळी हाज्जांनी मसुराचं सूप मागितलं आणि वाटी रिकामी केली.

"आता मी मोजणार नाही," मंगळवारी मी म्हटलं.

रिफअतनी तुकड्यावरची धूळ पुसली. मोजण्याने काय होतंय, हे त्यांना माझ्याआधीच कळलं होतं.

"बरं," ते म्हणाले. "तीनच तर आहेत. मी उरकतो."

पलंगावरून हाज्जा म्हणाल्या, "उरक बाबा. शाळेत तुला वीसच्या पुढे येत नव्हतं."

रिफअतनी खुर्ची ओढली. बाहेरच्या वलयावर बोट ठेवलं.

एक. दोन. तीन.

चार.

बोट आतल्या आत फिरत राहिलं. तीनच वलयं होती, ती न मोजताही दिसत होती.

सूर्य बुडताना, मगरिबच्या बांगेला ते हजारांत होते. मी त्यांचं मनगट धरलं, वळेना. दगड ओढला, तर हाज्जांचा श्वास अडकला, ओठ निळे पडले. दगड रिफअतच्या बोटाखाली परत सरकवला.

हाज्जांनी श्वास घेतला.

आज अकरावा दिवस. नमाज झाली की मी ओला बोळा रिफअतच्या ओठांवर पिळते. ते आकडा थांबवत नाहीत. हाज्जा आता उशीला टेकून बसतात. काल मासा खाल्ला, काटे स्वतः काढले.

दुपारी त्या कुशीवर वळल्या आणि म्हणाल्या, "हळू म्हण रे जरा. मला झोप येतेय."

रिफअतनी आवाज खाली आणला.