पानाच्या तळाशी

अकरा तास चाळीस मिनिटं.

मुंगीच्या डोक्याएवढा छापलेला एक तारा.

डाव्या खांद्यामागे गुणगुणणारा डास.

फळ्यावरून पुसलेलं एक नाव: शलाका उंबरजे.

नाव पुसताना डस्टरचा खसखस आवाज झाला, तो शलाकाने स्वतः ऐकला. ती बारा वर्षांची. जन्मापासून तिला दिसत नाही. पुस्तकं ती कानांनी वाचते. राज्य इतिहास स्पर्धेला शाळेतून दोघंच जाणार होते आणि त्यातलं एक नाव तिचं होतं. सकाळी दहापर्यंत होतं.

अभ्यासाला एकच पुस्तक. त्यांच्याच चांदसूळ गावचा इतिहास, दीडशे वर्षांपूर्वी छापलेला. ब्रेलमध्ये तो कधी आलाच नव्हता. शलाकाने त्याचं ऑडिओबुक तीनदा ऐकलं होतं, दर खेपेला अकरा तास चाळीस मिनिटं.

वर्गात कुलथेबाईंनी विचारलं, "गावचा बंधारा कुणी बांधला?"*

"पुस्तकात नोंद नाही," शलाका ठामपणे म्हणाली.

शेजारच्या बाकावरचा निहार खिदळला. "नोंद नाही? अगं, तारा केलाय ना तिथे! खाली तळटिपेत बघ की!" आणि मग त्याने जीभ चावली.

"अर्धवट वाचून येऊ नये, शलाका," बाई म्हणाल्या. मग डस्टर. खसखस.

"थांब, मी वाचून दाखवतो," निहार ओशाळून म्हणाला.

"गप रे! मला तुझ्या तोंडून नकोय. पुस्तकाच्या तोंडून हवंय."

शाळा सुटल्यावर तिने घर गाठलं नाही. काठी आपटत ती थेट श्रवणालयात शिरली. गावातली छापील पुस्तकं तिथे एक यंत्र वाचून दाखवतं; शलाकाचं ऑडिओबुकही त्याच्याच आवाजातलं. सगळी मुलं त्याला बोलघेवडा म्हणतात. ते यंत्र तिच्या आजोबांनीच बनवलं होतं. आजोबा ध्वनिशास्त्रज्ञ, निवृत्त होऊनही रोज तिथेच बसायचे.

"बोलघेवड्या, पान दोनशे अठरा. तळटीप वाच."

"या पुस्तकात तळटिपा नाहीत," यंत्र मधाळ आवाजात म्हणालं.

"खोटारडा!"

"शलू, हळू," आजोबा म्हणाले. "तो खोटं बोलत नाही. त्याला खरंच माहीत नाही."

"पान त्याच्यासमोर आहे आणि त्याला माहीत नाही?"

आजोबांनी तिला खुर्चीवर बसवलं. "नीट ऐक. बोलघेवडा आधी पानाचा फोटो घेतो. फोटो म्हणजे लाखो ठिपके, काही काळे, काही पांढरे. मग तो करतो अक्षर-ओळख (ठिपक्यांच्या आकारांतून अक्षरं शोधणं). मग ठरवतो, कुठली ओळ आधी, कुठली नंतर. आणि शेवटी अक्षरांचा आवाज. पण ओळी लावताना तो काही गोष्टी वगळतो. पानाचा क्रमांक, छापखान्याचं नाव. पानाच्या तळाशी बारीक अक्षर दिसलं की टाकून द्यायचं, असा नियम आहे त्याच्यात."

"कुणी घातला?"

आजोबांच्या चष्म्याची काडी टेबलावर टकटक वाजत राहिली.

"कुणी घातला, आजोबा?"

"मी. तीस वर्षांपूर्वी. ऐकणारे तक्रार करायचे, मध्येच तळटीप आली की धागा तुटतो."

"ऐकणारे म्हणजे कोण?"

"गाडी चालवताना ऐकणारे. स्वयंपाक करताना..."

"म्हणजे डोळेवाले! ज्यांना हवं तेव्हा पुस्तक उघडून बघता येतं!" शलाका उभी राहिली. "आम्हाला विचारलंत? एकाला तरी?"

"नाही."

"तीनदा वाचलं मी! आणि बाई म्हणतात अर्धवट!"

आजोबांनी समजूत काढली नाही. काढली असती तर ती तिथून निघूनच गेली असती. ते एवढंच म्हणाले, "डोळा पानावर उडी मारतो. तारा दिसला की खाली जातो, परत वर येतो. कानाला उडी मारता येत नाही गं. तो एका रेषेत चालतो. त्यावर मला उपाय सुचला नाही, म्हणून मी तळटीप कापली."

"सुचला नाही म्हणून कापली!" रागाने तिचे कान तापले. त्यात डाव्या खांद्यामागे डास गुणगुणला. तिने न वळता फटकन हात मारला. आवाज थांबला.

ती तशीच थबकली. "आजोबा, डास कुठे होता, ते मला कसं कळलं?"

"डावीकडचा आवाज डाव्या कानाशी आधी पोचतो, उजव्याशी किंचित उशिरा. हजारावा भागसुद्धा नसतो सेकंदाचा. शिवाय ध्वनिछाया (डोकं आड आल्याने पलीकडच्या कानाशी आवाज मंद होणं). मेंदू या दोन्हींवरून दिशा ताडतो."

"मग पुस्तक समोरून वाचा आणि तळटीप इथून!" तिने डाव्या खांद्यावर थाप मारली. "आधी एक टिचकी वाजवा. ऐकायची असेल तर मी मान डावीकडे वळवीन. नसेल तर पुस्तक पुढे जाईल. कानालाही उडी मारता येते. तुम्ही जागाच ठेवली नाहीत."

आजोबांनी खुर्ची यंत्राकडे ओढली. मग कळफलकाची टकटक सुरू झाली. अंधार पडायच्या आत नियम पुसला गेला होता आणि तळटिपेला डावीकडची जागा मिळाली होती.

"मी अजून रागावलेय," मान वळली की ओळखणारा हेडफोन लावताना ती म्हणाली.

"राहा. मला चालेल."

समोरून बंधाऱ्याचं वर्णन सुरू झालं. टिचकी वाजली. शलाकाने मान वळवली. खांद्याशी कुणी हळूच बोलावं तसं पुस्तक बोललं, दीडशे वर्षांत पहिल्यांदा.

सोमवारी तिने हेडफोन कुलथेबाईंच्या टेबलावर ठेवला. "बाई, डोळे मिटून ऐका. आधी जुनं, मग नवं."

बाईंनी दोन्ही ऐकलं. "तू पूर्णच वाचलं होतंस," बाई सावकाश म्हणाल्या. "पुस्तकच अर्धं दिलं होतं तुला. चुकलं माझं."

मग खडूचा आवाज आला. शलाकाने अक्षरं मोजली: आधी तीन, मग चार.

श्रवणालयात त्या दिवसापासून बोलघेवडा जुने इतिहास पुन्हा वाचायला बसला आहे, पहिल्या पानापासून, तळापर्यंत. शलाका रोज येते आणि चुका काढते.

* चांदसूळचा बंधारा काशवा नावाच्या पाथरवट बाईने आपल्या सहा सुनांसह तीन उन्हाळ्यांत बांधला.