इलिंकाच्या गाण्यातली एक जादा ओळ

रुमानियातल्या गलात्स शहराच्या ट्राममध्ये इलिंकाला जागा मिळाली ती नेमकी त्या तरुणाच्या समोर. तो खिडकीतून बाहेर बघत भराभर हातवारे करत होता. थांब्यावर भाजीची पिशवी दंडाला अडकवून उभी असलेली त्याची आई तशीच बोटं नाचवत उत्तरं देत होती. ट्राम हलली तरी दोघांचं संपेना. इलिंका बघतच राहिली...

"चोरून ऐकणं बरं नव्हे," तो वळून म्हणाला.

"मी... मी काहीच ऐकलं नाही."

"डोळ्यांनी ऐकत होतात. आई म्हणाली, ही टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत तिसरी आलेली मुलगी दिसते."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, ती एवढी बुटकी नाहीये."

इलिंकाला हसू आवरेना.

तासाभराने स्टुडिओत तोच पुन्हा समोर! रेकॉर्ड कंपनीने तिच्या पहिल्यावहिल्या गाण्याच्या व्हिडिओसाठी सांकेतिक भाषेचा दुभाषी बोलावला होता. त्याचं नाव सेवेर. आईवडील दोघेही कर्णबधिर. त्यामुळे तो बोलायच्या आधी हातांनीच बोलायला शिकला होता.

इलिंकाला एकच घोर लागला होता. तिसऱ्या नंबरला लोक किती दिवस लक्षात ठेवणार? हे गाणं पडलं, की परत काकांच्या चपलांच्या दुकानात.

"तू माझ्या नसांत वीज होऊन," तिने ओळ म्हणून दाखवली. सेवेरने ती हातांनी केली.

"असं दिसतं ते?"

"हो. वायरमनला शॉक बसल्यासारखं."

"मग काय म्हणू मी?"

"तुम्हाला खरंच जे म्हणायचंय ते."

ती खिडकीशी गेली. मग हळूच म्हणाली, "तू उठून गेलास... तुझा कप अजून गरम आहे." सेवेरने दोन्ही तळवे न दिसणाऱ्या कपाभोवती धरले. इतक्या अलगद, की तिला श्वास घ्यायचंच सुचेना. निर्माता वाल्तेर कुरकुरला, पण ओळ राहिली.

मग रोज संध्याकाळी डॅन्यूबच्या घाटावर तिची हातांच्या भाषेची शिकवणी सुरू झाली. तीळ लावलेलं गरम कोव्रिग, कड्यासारखा पाव, दोघांत एक. अहो-जाहो कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

"आत्ता तू मला सांगितलंस, मी तुला तळते," सेवेर गंभीर चेहऱ्याने म्हणाला.

"मी 'तुझी वाट बघते' म्हणत होते."

"बोटं सरळ ठेव. नाहीतर माझी काही खैर नाही."

"आणि तू? दिवसभर दुसऱ्यांचं बोलतोस. स्वतःचं कधी बोलणार?"

तो गुडघ्यावरचे तीळ झटकत बसला. "मला... तेवढं जमत नाही," एवढंच म्हणाला.

व्हिडिओ तयार झाला, तेव्हा वाल्तेरने सेवेरला पडद्याच्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा करून टाकला होता.

"तो माझ्या शेजारी उभा राहील," इलिंका म्हणाली. "नाहीतर मीही उभी राहणार नाही."

"पोरी, करार मोडेल तुझा."

"मोडू दे."

ती पर्स उचलून दाराकडे निघाली. शेवटी वाल्तेरने पुन्हा चित्रीकरण केलं. आणि गाणं सुटलं ते सुटलंच! टॅक्सीत, न्हाव्याकडे, लग्नांत तेच. पंधरवड्यात ते रेडिओच्या यादीत पहिलं आलं. कर्णबधिरांच्या शाळांतली मुलं ते हातांनी म्हणत स्वतःचे व्हिडिओ पाठवू लागली.

घाटावरच्या जाहीर कार्यक्रमाला तर सगळं शहर लोटलं. पुढच्या रांगांत कर्णबधिर मंडळी बसली होती. सेवेरची आई स्पीकरच्या खोक्यावर तळवा टेकवून उभी होती. शेवटच्या कडव्याआधी बासरीचा तुकडा आला, आणि दुसऱ्याच्या बोलण्यात कधी एक शब्द न घालणारा सेवेर इलिंकाकडे वळला. त्याचे हात हलले.

'हे गाण्यात नाही. हे मी म्हणतोय. माझं तुझ्यावर प्रेम आहे.'

पुढच्या रांगा क्षणभर थिजल्या... मग शेकडो तळवे, कर्णबधिरांची ती टाळी, वर जाऊन हलू लागले. मागच्या गर्दीला वाटलं, गाण्यालाच दाद मिळतेय.

इलिंकाने मायक्रोफोन काखेत धरला. बोटं सरळ ठेवून, एकही चूक न करता तिने उत्तर दिलं, 'माझंही. कधीचं.'

आणि ती गायला लागली. सेवेरच्या हातांना मात्र एकही ओळ आठवेना. तो नुसता तिच्याकडे बघत हसत होता. तेव्हा पुढच्या रांगा उठून उभ्या राहिल्या, आणि उरलेलं सगळं कडवं त्यांनीच हातांनी म्हटलं.