हात असलेलं स्टिअरिंग

ही घटना खरी आहे. पटो न पटो, खरी आहे. ती सांगून झाली की मला दर वेळी हात धुवावेसे वाटतात, हे आधीच सांगून ठेवतो.

तारीख १५ ऑगस्ट २००९. शनिवार. दुपारचे अडीच.

ओहायोत फिंडलेच्या उत्तरेला, मक्याच्या शेतांना लागून, रॉय डोब्रिकचं घर आहे. घराशेजारी गॅरेज. सुरुवात तिथेच झाली. भर उन्हात, शटर सताड उघडं असताना. तेव्हा अंधार होता, झोप होती, घेतलेली होती, असलं काही कुणी मला सांगू नये.

रॉय तेव्हा साठीला आलेला. सत्तर सालच्या आसपासच्या त्या दणकट, गुरगुरणाऱ्या गाड्या असतात ना, मसल कार... त्यांची स्टिअरिंगं ओळखण्यात त्याचा हात धरणारा आमच्या भागात कुणी नव्हता. कुठल्या साली दोन दांड्यांचं होतं, कुठल्या साली तीन. दांड्यांना गोल भोकं की लांबट खाचा. कडं लाकडासारखं दिसायचं, पण असायचं प्लास्टिकचंच. कारखान्यातल्या कड्यावरच्या रेषा वेड्यावाकड्या. नकली मालावर त्या शाळेच्या वहीसारख्या सरळ. रॉय ते दहा फुटांवरून सांगायचा.

शेवटी तो स्टिअरिंग उलटं करायचा. मागे ओतीव आकड्यांत महिना आणि साल असतं. गाडीच्या दाराच्या चौकटीवरही गाडी कधी बनली ते असतं. आधी स्टिअरिंग बनतं, मग ते गाडीत बसतं. स्टिअरिंगवरची तारीख गाडीच्या नंतरची निघाली, तर ते त्या गाडीचं असूच शकत नाही. मग तुम्ही रडा, नाहीतर डोकं आपटा.

आणि या लोकांत एक शब्द आहे. 'हात'.

वर्षानुवर्षं एकाच माणसाने गाडी चालवली की त्याच्या तळव्यांचा घाम कड्यात मुरतो. तेवढाच भाग काळपट, गुळगुळीत होतो. मग म्हणतात, या स्टिअरिंगला हात आहे. अशा स्टिअरिंगला मान असतो. ते कुणी पॉलिश करत नाही.

मान आला की बनवेगिरी आलीच.

लाइल ब्रूकर हा भंगारवाला त्यातला मुरलेला. नव्या कोऱ्या नकली कड्यावर बुटाचं पॉलिश, जुनं ऑइल आणि नाश्त्याच्या तव्यावरची डुकराची चरबी चोळून तो 'हात' तयार करायचा. रॉयला त्याची शिसारी यायची. दुसऱ्याच्या घामाचं सोंग आणणारा माणूस, म्हणायचा, याच्या हातचं पाणीसुद्धा पिऊ नये.

तोच लाइल त्या दुपारी दारात उभा राहिला.

काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. आणि एवढ्या उकाड्यात... हातांत जाड रबरी मोजे.

"काय रे, आज कुणाची चरबी लावून आणलीस?" रॉयने विचारलं.

लाइल हसला नाही.

"याला मी काही केलेलं नाही, रॉय. आईची शपथ."

"तुझी आई तुझ्या शपथांनीच गेली असेल."

"हातच्या काकणाला आरसा कशाला? तूच बघ." त्याने गाठोडं टेबलावर टाकलं. ठेवलं नाही, टाकलं. "केसलर म्हातारीच्या पोराच्या गाडीचं आहे. ती गाडी जिथे तोडली, त्याच यार्डातलं. म्हातारीला फोन केलाय मी. चारला येतेय."

"तिला आधी कशाला बोलावलंस? मी बघितलं तरी आहे का?"

पण लाइल केव्हाच ट्रकमध्ये बसला होता. जाताना त्याने मोजे काढले आणि खिडकीतून रॉयच्या अंगणात फेकून दिले.

रॉय चरफडला. लाइलला फसवायला दुसरं कुणी मिळालं नाही?

अर्लीनबाई केसलर म्हणजे एकोणऐंशी वर्षांची विधवा. त्यांचा एकुलता एक मुलगा ड्वेन तेविसाव्या वर्षी तापाने गेला. नवऱ्याला पोराची गाडी डोळ्यांसमोर नकोशी झाली, म्हणून त्याने ती महिन्याभरात विकून टाकली. पुढे ती तुटली, विखुरली. आणि सत्तरी उलटल्यावर या बाईंनी तिचा सांगाडा हुडकून काढला. मग सहा वर्षं एकेक भाग जमवला. सगळं झालं. फक्त स्टिअरिंग राहिलं होतं.

"बाकी गाडी नुसतं लोखंड आहे रे," त्या रॉयला म्हणायच्या. "पोराचा हात लागलाय तो तिथेच."

रॉयने टॉवेल सोडला.

पहिल्यांदा वास आला.

ओल्या पायमोज्यांचा. प्लास्टर कापल्यावर आतल्या पायाला येतो ना, तसला आंबूस, कुबट वास.

स्टिअरिंग मात्र अस्सल होतं. तीन दांड्या. लांबट खाचा. कड्याच्या आतल्या बाजूला रबराची पट्टी, जी दाबली की हॉर्न वाजतो. रेषा वेड्यावाकड्या. आणि त्याला हात होता. असा हात रॉयने चाळीस वर्षांत बघितला नव्हता.

त्याने बोट टेकवलं.

बोट चिकटलं...

कडं ओलं होतं. कोमट होतं. त्याने कापडाने पुसलं. पुन्हा बघितलं, तर बारीक बारीक थेंब. उन्हातून आलेल्या माणसाच्या कपाळावर येतात तसे.

चरबी असणार. लाइलचीच काहीतरी नवी घाण. रॉयने अंगठ्याने जोरात चोळलं.

मळ निघाला.

आंघोळीला बसल्यावर अंगाचा निघतो तसा. करड्या, लांबोळक्या वळकट्या. त्याने झटकल्या, पुन्हा चोळलं. पुन्हा निघाल्या. अर्ध्या तासात कॉफीचा रिकामा डबा निम्मा भरला, तरी खालचं प्लास्टिक काही लागेना. एका वळकटीत आखूड केस होता. रॉय बाहेर गेला आणि कुंपणाशी ओकला.

तोंड धुऊन तो परत आला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं.

हात उलटा होता.

माणूस स्टिअरिंग धरतो तेव्हा अंगठे त्याच्याकडे असतात आणि बोटं पलीकडे वळतात. इथे चार बोटांच्या खोल खुणा अलीकडे होत्या. अंगठ्यांच्या पलीकडे. म्हणजे धरणारा सीटवर नव्हता...

तो समोर होता. डॅशबोर्डाच्या आत.

रॉयने टॉवेलाने धरून स्टिअरिंग पालथं केलं. आकडे स्पष्ट होते. सात, सत्तर. जुलै एकोणीसशे सत्तर.

ड्वेनची गाडी मार्च सत्तरची. दाराच्या चौकटीवरचा आकडा रॉयने स्वतः वाचला होता.

हे ड्वेनचं नव्हतं. विषय संपला. त्याला बरंच वाटलं. आता हे गुंडाळायचं, लाइलच्या दारात फेकायचं आणि बाईंना सांगायचं, नाही मिळालं, शोधू.

"रॉय?"

अर्लीनबाई आत आलेल्या होत्या. चार वाजायला अजून वीस मिनिटं होती.

तो काही बोलायच्या आत त्यांनी ते उचललं. दोन्ही हातांनी. छातीशी धरलं. त्यांच्या पिवळ्या ब्लाउजवर ओला, काळा अर्धगोल उमटला.

"मिसेस केसलर, खाली ठेवा ते. घाण आहे."

"घाण?" त्या रडत होत्या आणि हसत होत्या. "त्याचे तळवे असेच ओले असायचे रे. चर्चमध्ये शेजारच्याचा हात धरायची वेळ आली की पोरगं आधी पँटला पुसायचं. लाजायचं बिचारं." त्यांनी गाल कड्याला लावला. "तू बघितलंस ना? सांग मला. तू सांगितलंस की झालं, मग मी कुणाला विचारणार नाही. त्याचंच आहे ना?"

चाळीस वर्षांत रॉय एकदाही खोटं बोलला नव्हता. माणसं त्याच्यासमोर रडली होती, भांडली होती, एकाने तर बंदूक दाखवली होती. तरी नाही.

तो म्हणाला, "हो. त्याचंच आहे."

बाईंची गाडी स्टिअरिंगसाठी महिनाभर रॉयच्याच गॅरेजात उभी होती. त्याने स्वतःच ते तिच्यात बसवलं. हातात लाइलने फेकलेले मोजे घालून. अर्लीनबाई अंगणात रॉयच्या बायकोने दिलेलं लिंबू सरबत पीत होत्या. नट आवळून रॉयने वायर जोडली आणि हात काढून घेतले.

हॉर्न वाजला.

लांब... एक श्वासभर... मग थांबला.

कड्याला कुणाचाच हात नव्हता.

"बघ, ओळखलं त्याने मला!" बाई बाहेरून ओरडल्या.

वायर टेकली असेल, रॉयने स्वतःला समजावलं. मग मोजे जाळले. डबा खड्डा करून पुरला. संध्याकाळी बायकोने, बेवने, ताटात उकडलेलं कणीस वाढलं. दाण्यांच्या त्या दाट ओळी बघून त्याने ताट सरकवलं.

त्यानंतर दर रविवारी चर्चनंतर बाईंचा फोन यायचा.

पहिल्या रविवारी, "आज तलावापर्यंत गेले रे."

तिसऱ्या रविवारी, "आता कुठे जात नाही. गाडीत नुसती बसते. बरं वाटतं."

पाचव्या रविवारी, "तो आता घट्ट धरतो."

रॉय नुसतं 'बरं' म्हणाला. खोटं एकदा बोलून भागत नाही, ते सांभाळावं लागतं.

ऑक्टोबरात बेव चर्चमधून घरी आली ती नाकाला रुमाल लावूनच.

"तुझ्या त्या अर्लीनबाई! एवढं ऊन, आणि हातात लोकरीचे मोजे. आणि वास... देवा रे! त्यांच्या बाकावर कुणी बसेना. हात धरायची वेळ आली तर पाद्री बाबांनीसुद्धा लांबूनच मान हलवली. तू त्यांना काय विकलंस रे?"

"मी काही विकलं नाही."

"मग असं तोंड का झालंय तुझं?"

रॉय जेवला नाही. दुपारी दोनला तो बाईंच्या घरी गेला. आज खरं सांगायचं, असं ठरवूनच गेला.

घराचं दार उघडं होतं. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. टेबलावर न खाल्लेलं सूप, त्यावर साय धरलेली. घड्याळाची टिकटिक नाही. कुत्रं असायचं, तेही नाही.

गाडी मागच्या शेडमध्ये होती. इंजिन बंद. बाई आत बसलेल्या. दोन्ही हात स्टिअरिंगवर.

काचा वर होत्या. आतून वाफ धरली होती.

त्याने दार उघडलं आणि तो वास अंगावर आला. त्याने शर्टाची कड नाकाशी धरली.

"आलास?" बाई शांतपणे म्हणाल्या. त्या वाळल्या होत्या. मनगटं काडीसारखी. पण तळहात सुजून पांढरे फटक पडलेले, दिवसभर धुणं धुतल्यासारखे. बोटांमधून करड्या वळकट्या खाली मांडीवर पडल्या होत्या. मांडीवर त्यांचा थर साचला होता.

तो मळ कड्याचा नव्हता. बाईंचा होता.

रॉयला उमासा आला. तो गिळून तो म्हणाला, "मिसेस केसलर, मी तुमच्याशी खोटं बोललो. हे ड्वेनचं नाही. याच्यावर जुलैची तारीख आहे. तुमची गाडी मार्चची. हे त्याचं असूच शकत नाही. मला माफ करा. या, बाहेर या आधी."

त्या चिडतील, रडतील, असं त्याला वाटलं होतं.

त्यांनी नुसती मान डोलावली.

"मला माहीत आहे."

"काय?"

"पहिल्याच रविवारी कळलं. आमच्या ड्वेनला नखं खाण्याची सवय होती. पार मुळापर्यंत. मारलं, मिरची लावली, तरी सुटली नाही." त्यांनी आवाज एकदम खाली आणला. ऐकू नये कुणी, तसा. "याची नखं लांब आहेत, रॉय."

रॉयने बघितलं. बाईंच्या हातांवर, बोटांच्या मागच्या बाजूला, चार-चार खळगे पडले होते. अर्धचंद्रासारखे. ताजे. वर काहीच नव्हतं, तरी एकेक खळगा हळूहळू खोल जात होता.

"मग सोडा ना! सोडून द्या! अजून का धरून बसलात?"

अर्लीनबाई हसल्यासारखं करून म्हणाल्या,

"सोडणं आता माझ्या हातात आहे का?"

रॉय निघून आला.

शेडचं दार त्याने लावलं का, ते त्याला आठवत नाही. नट काढायचा पाना त्याच्या ट्रकमध्येच होता. बेवला त्याने सांगितलं, बाई ठीक आहेत. पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्यानेही केला नाही. केव्हातरी ते घर विकलं गेलं. गाडी कुणी नेली, त्याने चौकशी केली नाही.

हे सगळं मला त्यानेच सांगितलं. सांगताना त्याने एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. निघताना मी सवयीने हात पुढे केला.

त्याने आपले दोन्ही हात खिशात घातले.