बेसिनमधली कॅप्सूल

बेसिनच्या जाळीत लाल कॅप्सूल अडकली होती. अर्धी विरघळलेली.

डॉक्टरीणबाईंनी ती कागदावर उचलून घेतली. आत दोन वर्षांची मुलगी मेंदूज्वराशी झुंजत होती; अँटिबायोटिकच्या इंजेक्शनांनी आज कुठे ताप जरा उतरला होता. तिचे जंतू घरात कुणाच्या घशात दबा धरून राहू नयेत, म्हणून कालपासून सगळ्यांना या कॅप्सूल चालू होत्या. कुणीतरी गिळल्याचं नाटक केलं होतं. आणि मुलीचा तान्हा भाऊ बाहेर बाकावर याच माणसांच्या मांड्यांवर फिरत होता. त्यालाही औषध दिलं होतं. पण त्याचा असर संपल्यावर?

आई आत मुलीपाशी होती. तिला नर्सने समोर बसवून औषध दिलं होतं. उरले तिघे.

"ही कुणी टाकली?"

"याला विचारा," आजींनी लेकाकडे बोट दाखवलं. "लहानपणी गोळ्या कुंडीत पेरायचा."

"आई, पुरे!" मुलीच्या बापाने डोळ्यांना कागदी रुमाल लावला. त्यावर नारिंगी डाग पडला.

"आणि तुम्ही, आजी?"

"मी? सकाळी संडासात बघते तर सगळं नारिंगी! म्हटलं, गेले मी."

"काकू?"

मुलीची काकू, म्हणजे आजींची धाकटी सून, बाळाला घेऊन बसली होती. "घेतली ना. सगळ्यांसमोर." तिचेही डोळे वाहत होते. शेजारी डोळे पुसून टाकलेल्या कागदी रुमालांचा पांढरा ढीग.

"औषधाचं सोडा, हिला चहाचाही वास सोसत नाही हल्ली," आजी कुरकुरल्या.

डॉक्टरीणबाई खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या. अंदाज चुकला तर? शेवटी त्यांनी काकूला बाळासकट आपल्या खोलीत बोलावलं.

"माझं चुकत असेल तर रागवा. हे औषध लघवीलाच नाही, अश्रूंनाही रंग देतं. त्यांचा रुमाल नारिंगी, तुमचे पांढरे. कॅप्सूल तुम्ही टाकलीत. आणि चहाचा वास... दिवस गेलेत ना?"

काकूने बाळाला छातीशी धरलं. "याआधी दोनदा पडलं. म्हणून औषधाची भीती. तुम्ही विचारलंत, कुणी गरोदर आहे का. पण सगळे रडत होते. कुठल्या तोंडाने गोड बातमी सांगू?"

"चारचौघांत विचारलं, तिथेच मी चुकले. तुमच्यासाठी दुसरं इंजेक्शन आहे. गरोदरपणात चालतं, एकच पुरतं. फक्त उद्यापर्यंत बाळाला घ्यायचं नाही."

दार उघडलं. आजी दाराला कान लावूनच उभ्या होत्या. त्यांनी बाळ झटकन काढून घेतलं. काकूने मान खाली घातली.

"जा, सुई टोचून ये," आजी म्हणाल्या. "आणि उद्यापासून हा तुझ्याच मांडीवर. सवय नको का करायला?"