हौशाचा दुसरा नमुना

कडेगावच्या अलीकडे उसाची ट्रॉली रस्त्यात आडवी झाली होती. डॉक्टर मयूरीची स्कूटर अडली, तसा ट्रॉलीला खांदा लावून उभा असलेला एक तरुण धुळीतून पुढं आला. तिनं नाथाजींच्या वस्तीची वाट विचारली. तो हसला.

"आमच्याकडंच निघालाय की. वळू तपासायला डॉक्टर येणार म्हणून ऐकलं हुतं… पण अशा येतील, असं न्हाई वाटलं."

"अशा म्हणजे कशा?"

"म्हंजे… वेळेवर."

तो शिवतेज, नाथाजींचा फौजेतला मुलगा, दोन महिन्यांच्या सुट्टीवर आलेला. पांढराशुभ्र खिलार वळू हौशा म्हणजे नाथाजींचा जीव. पाच गावांच्या गाई त्याच्याकडे येत. पण तो लम्पीच्या तापातून उठल्यापासून त्यातली एकही गाभण राहिली नव्हती. लोक गाईंनाच दोष देत होते.

मयूरीनं टेपनं हौशाच्या वृषणांचा घेर मोजला, तेव्हा कासरा धरून उभा असलेला शिवतेज कानापर्यंत लाल होऊन उसाकडे बघत राहिला. वीर्याचा नमुना घेऊन तिनं काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि त्यालाही बघायला बोलावलं. दोघांची डोकी जवळ आली. काचेवर नुसती वळवळ दिसायला हवी होती… तिथं सगळं निपचित होतं.

तापानंतर नवं बीज तयार व्हायला दोनेक महिने लागतात, तोवर हौशाकडे एकही गाय घेऊ नका, असं तिनं नाथाजींना सांगितलं. म्हातारा नुसता हौशाच्या वशिंडावरून हात फिरवत राहिला.

मग ती दर गुरुवारी सांगलीहून येऊ लागली. काम दहा मिनिटांचं. चहा मात्र तासभर चाले. शिवतेज तिला चौकीवरच्या बर्फाबद्दल सांगे. ती सांगे विश्रामबागेतल्या घराबद्दल, बाबा गेल्यापासून तिथं कुणी मोठ्यानं बोलत नाही त्याबद्दल. निघताना तो तिचं हेल्मेट हातात धरून उभा राही… लवकर देत नसे.

सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात तिनं दुसरा नमुना घेतला. डावं वृषण आक्रसलं होतं. काचेवर तेच निपचित. वळू म्हणून हौशा आता संपला होता.

"आबांना सांगू नका," शिवतेज हळूच म्हणाला. "मी जाईपर्यंत तरी. लय खचतील ते."

"आणि उद्या कुणी गाय घेऊन आलं तर?"

"माझ्यासाठी म्हणून…"

"तुमच्यासाठीसुद्धा नाही, शिवतेज."

तिनं स्वतःच नाथाजींना सांगितलं. ते उठून गोठ्यात गेले, ते बाहेर आलेच नाहीत. त्या दिवशी हेल्मेट तिनंच खुंटीवरून काढून घेतलं.

तीन दिवस त्याचा फोन नाही. चौथ्या दिवशी दुपारी, त्याच्या परतीच्या गाडीच्या वेळी, ती न बोलावता कराड स्टेशनवर गेली. फलाटावर तो एकटाच ट्रंकेवर बसला होता. आबा नीट जेवत नाहीत, म्हणाला. पण सकाळी कुणीतरी गाय घेऊन आलं, तेव्हा त्यांनी स्वतः वेशीपर्यंत जाऊन तिला परत पाठवलं. गाईत दोष नाही, माझ्या वळूत आहे, असं चारचौघांत सांगितलं.

गाडी आली. ट्रंक आत ढकलून तो दारात उभा राहिला.

"तुमी खोटं बोलला असता तर तवा बरं वाटलं असतं मला," तो म्हणाला. "पण मग आज हे विचारलं नसतं… लग्न कराल माझ्याशी?"

गाडी हलली. मयूरीनं त्याचा हात धरला, बरोबर चालत होकाराची मान हलवली… आणि फलाट संपला.

बाकावर बसून तिनं आईला फोन लावला.

"आई, रविवारी मला बघायला येणाऱ्यांना येऊ नका म्हणून कळव."

"अगं, का? काय झालं?"

रुळांवर आता काहीच दिसत नव्हतं. मयूरीनं डोळे पुसले.

"घरी आल्यावर सांगते," ती म्हणाली. "तो फौजेत असतो, आई."