मानाची पहिली धार

“मी माणूस पकडायला बोलावलं तुम्हाला! गाईच्या कासेत काय डोकावताय?” गोठ्याचा मालक तिसऱ्यांदा ओरडला.

वहिनीने मान वर केली नाही. जनावरांची डॉक्टरकी सोडून तिने खासगी तपासाचं काम धरलं, तेव्हापासून तिच्या पिशव्या वाहणं धाकट्या दिराच्या नशिबी आलं होतं. आज पिशवीत रिकाम्या बाटल्या होत्या आणि दिराच्या बुटांत शेण.

चार महिन्यांत चार गाईंची कास सुजली होती. औषधाने बऱ्या होत, पुन्हा दुधात गुठळ्या. मालकाचा संशय धार काढणाऱ्या मावशीवर. आठवड्यात दुसरं कोणी दोषी सापडलं नाही, तर तिला कामावरून काढणार.

“वीस वर्षं सडाला नख लागू दिलं नाही,” मावशी फणफणली. “आता म्हणे मीच काहीतरी लावते!”

“मधे रजा कधी घेतलीत?”

“लेकीच्या बाळंतपणाला, दहा दिवस. तेव्हा मालकांचे जावईबापू बसले धारेला.”

“आणि तिसरी गाय नेमकी तेव्हाच सुजली,” मालकाचा जावई कुजबुजला. “पण सासऱ्यांना सांगायचं कोणी? मांजराच्या गळ्यात घंटा!”

“धारेचा क्रम काय?”

“आधी ‘आजी’. सगळ्यांत थोरली, म्हणून पहिली धार तिची. आधीची थोरली चार महिन्यांपूर्वी गेली, तेव्हापासून हा मान हिचा. पूर्वी ही सगळ्यांत शेवटी असायची. पान्हा सोडायला फार वेळ लावते.”

“कास कशाने पुसता?”

जावयाने बादलीतलं ओलं फडकं उचललं. “हेच. रोज धुतो की!”

एकच फडकं, अकरा गाई. दिराने दावणीकडे पाहिलं. गाई धारेच्या क्रमानेच बांधलेल्या. आजीच्या लगतच्या चार गाई आजारी. पुढच्या सहा निवांत रवंथ करत होत्या.

वहिनीने आजीची कास चाचपली. मागची एक बाजू कडक लागली.

“तीन वर्षांपूर्वी सुजली होती, कधीच बरी झाली,” मालकाने कागद नाचवला. “दूध तपासलंय, स्वच्छ! तिच्याकडे बोट दाखवायचं नाही.”

पुढचे चार दिवस वहिनीने रोज सकाळी आजीच्या दुधाची बाटली भरून तपासायला पाठवली. नेणारा अर्थातच दीर.

पाचव्या दिवशी तिने सगळ्यांना गोठ्यात उभं केलं.

“मावशी नव्हत्या, तरी गाय सुजली. जावई धारेला बसण्याआधीच दोन सुजल्या होत्या. म्हणजे दोघंही सुटले. रोग चार महिन्यांचा, आणि चार महिन्यांपूर्वी इथे एकच गोष्ट बदलली. आजी शेवटची होती, ती पहिली झाली.”

“अहो, पण कागद!”

“एका दिवसाचा. माझ्या चार बाटल्यांतल्या तीन स्वच्छ निघाल्या, चौथीत जिवाणू.”

“म्हणजे तीन दिवस तो गावाला गेला होता?” दीर वैतागला.

“घरातच होता, भावोजी. शरीरातल्या पांढऱ्या पेशी त्याला गिळायला धावतात. तो गिळला जातो, पण मरत नाही. त्यांच्याच पोटात दडी मारतो. पोलिसाच्या माडीवर चोर भाडेकरू! तिथे औषधही धड पोचत नाही. सूज उतरते, आपण हुश्श करतो. मग कधीतरी तो दुधात उतरतो, फडक्यावर बसतो आणि शेजारणीच्या सडाला चिकटतो. पुढे जाईतो फडक्यावर त्याचा जोर ओसरतो, म्हणून शेवटच्या सहा वाचल्या. मालक, आजीला वेगळी बांधा. धार पूर्वीसारखी शेवटी, म्हणजे तिच्यानंतर फडकं थेट धुवायलाच जाईल.”

मालकाचा चेहरा उतरला. तो आजीजवळ गेला, तिच्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाला, “चुकलं माझं.”

“मी इकडे आहे, मालक,” मावशी म्हणाली.