गाडीला आणखी दोन दिवस

वळणावर गाडी अशी अडली, की मागच्या हॉर्नांनी तिचे कान किटले. स्टिअरिंग तिच्या हातांनी हलता हलेना. शेजारी आजारी आई डोळे मिटून बसलेली. तेवढ्यात खिडकीतून ग्रीसने माखलेला एक हात आत आला आणि तिच्या हातांशेजारी चाकावर टेकला.

"नुसतं ओढू नका. गाडी जरा सरकू द्या... मग वळवा."

हात खडबडीत होता. आवाज मात्र... छे, आवाजाकडे तिचं लक्षच नव्हतं. निदान ती तसं म्हणते.

तो समोरच्या गॅरेजचा मालक. अख्खी गल्ली त्याला उस्ताद म्हणायची. बॉनेट उघडून त्याने सांगितलं, की पॉवर स्टिअरिंगचा बॉक्स गळतोय आणि इतक्या जुन्या गाडीचा तो आता मिळायचा नाही. भंगारातून साधा, हाताच्या ताकदीवर चालणारा बॉक्स आणून बसवू; चाक जड जाईल, पण गाडी दगा देणार नाही. चष्म्याच्या दुकानात काचा बसवणारे आपले नाजूक हात बघत ती हो म्हणाली. म्हणावंच लागलं. डॉक्टरांनी आईचा महिनाच सांगितला होता, तोही चाचरत. आणि आईचं मागणं एकच होतं: ह्यांच्या गाडीत बसून एकदा नदीवर जाऊन यायचं. बाबा तिला तिथेच फिरायला न्यायचे.

मग एक दिवसाआड दवाखान्यात न्यायला उस्तादची व्हॅन दारात येऊ लागली. आई मागे आडवी, ही पुढे. त्याच्या चष्म्याची काडी तारेने बांधलेली होती. एका सिग्नलला तिने चष्मा सरळ त्याच्या नाकावरून उचलला आणि पर्समधला बारीक स्क्रू काढून बसवायला घेतला. तो बिचारा काही दिसत नसताना हसत बसला.

"आता दिसतंय?"

"दिसतंय. पण आता रस्त्याकडे बघावंसं वाटत नाही."

मागून आई खोकली. त्या खोकल्यात आजार कमी आणि चेष्टा जास्त होती.

मंगळवारी दुपारी तिने गाडीचं विचारलं. आईला त्या दिवशी जरा हुशारी होती, केस विंचरून बसली होती. तो म्हणाला, चाकाला नवा बॉक्स जोडणारा दांडा, तो शाफ्ट, आखूड पडतोय, लेथवर कातून आणायला आणखी दोन दिवस लागतील. खरं सांगायचं तर तिला त्याचं काही वाईट वाटलं नाही.

बुधवारी सकाळी आई गेली.

दहाव्या दिवशी ती गाडी न्यायला आली. किल्ली देताना त्याने मान वर केली नाही.

"शाफ्ट मंगळवारी सकाळीच जुळला होता," तो म्हणाला. "गाडी तयार होती. मी खोटं बोललो. तुम्ही शेजारी बसायचात... ते अजून दोन दिवस हवं होतं मला. प्रेम बसलंय माझं तुमच्यावर."

ती किल्ली घेऊन निघाली. प्रत्येक वळणावर ते जड चाक दोन्ही हातांनी ओढत नदीवर पोचली. काठावर उभी राहून पोटभर रडली. आई इथे यायला हवी होती, मंगळवारी ती सहज आली असती. घरी जावं तर घरात चिटपाखरू नव्हतं.

संध्याकाळी गाडी पुन्हा गॅरेजसमोर थांबली. तो पायरीवर बसला होता, तो उठला. तिने आतूनच दार उघडलं.

"मला तुमचा भयंकर राग आलाय. आणि तो सांगायलासुद्धा तुमच्याशिवाय कुणी उरलेलं नाही," ती म्हणाली. "बसा. मधे बोलायचं नाही."

तो बसला.

"दोन दिवस म्हणालात ना... तेव्हा मला आनंद झाला होता," ती म्हणाली. "आधी तेच सांगते."